वाचकांचे प्रश्न : वाळवली तरी बुरशी परत का येते?

मागच्या अंकात मी बुरशीसंग्रहाविषयी लिहिलं होतं. निरनिराळ्या बुरश्या जिवंत अवस्थेत नळ्यांत आणि कुप्यांत वर्षानुवर्षं सांभाळायच्या, आणि कुणा संशोधकाने मागितली की ती जागी करून द्यायची, हे माझं काम. त्या लेखावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच कुतूहल आहे : बोट लावलं तरी चुरगळणारा हा जीव एवढं सोसतो कसा? त्यांतली काही पत्रं आज घेतली आहेत.

प्रश्न : पुस्तकांच्या कपाटात बुरशी धरली होती. सगळी पुस्तकं उन्हात वाळवली, पुसली, पुन्हा लावली. हवा दमट झाली तशी त्याच पुस्तकांवर त्याच जागी ठिपके आले. आधीची बुरशी मेलीच नव्हती का?

उत्तर : तिच्यातला एक भाग मेला होता, दुसरा नव्हता. डोळ्यांना दिसणाऱ्या त्या ठिपक्यात दोन अगदी वेगळ्या तऱ्हेच्या पेशी असतात. एक म्हणजे कवकतंतू. हे धागे कागदात शिरतात, पाचक रस सोडतात, अन्न शोषतात आणि टोकाकडून वाढत जातात. त्यांच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात, म्हणून कडक उन्हात त्यांतले पुष्कळ खलास होतात. दुसरे म्हणजे बीजाणू. ठिपक्याला जो हिरवा किंवा काळा रंग दिसतो तो त्यांचाच. हे खात नाहीत, वाढत नाहीत. बाहेरून त्यांना हायड्रोफोबिन नावाच्या, पाणी झटकून टाकणाऱ्या प्रथिनांचा थर असतो, खालच्या भिंतीत रंगद्रव्य असतं, आत पाणी कमी आणि ट्रेहॅलोज, मॅनिटॉल अशी द्रव्यं भरपूर असतात. ऊन त्यांतल्या काहींना मारतं, पण पुस्तकाच्या शिवणीत, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ऊन पोहोचतच नाही. तिथले बीजाणू ओल येईपर्यंत थांबतात.

ट्रेहॅलोजविषयी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या संग्रहातल्या निम्म्या कामाचा आधार हे द्रव्य आहे. ही दोन ग्लुकोज जोडून झालेली साधी साखर. पेशीतलं पाणी निघून जायला लागलं की प्रथिनांच्या घड्या बिघडतात, पातळ पटलं एकमेकांना चिकटतात. ट्रेहॅलोज पाण्याची जागा घेतं आणि स्फटिक न होता काचरूप घट्ट होऊन सगळ्याला आहे त्या ठिकाणी धरून ठेवतं. यीस्ट ही एकेकट्या पेशींची बुरशी. तिच्या पेशी वाढ थांबवतात तेव्हा ही साखर त्यांच्या कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहूनही वर जाऊ शकते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्रेहॅलोज बनवू न शकणारं यीस्ट वाळवून ठेवलं. दोन-चार दिवस ते ठीक राहिलं, महिनाभर ठेवलेलं मात्र तगलं नाही. म्हणजे वाळण्याचा पहिला धक्का पेशी इतर उपायांनीही झेलते. लांबचा मुक्काम या साखरेशिवाय होत नाही.

आता कपाटाचं काय करायचं ते. सगळे बीजाणू मारण्याचा नाद सोडा, ते हवेतूनही येतच राहणार. त्यांना उगवू न देणं तुमच्या हातात आहे. बुरशीला वस्तूत किती पाणी आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे याच्याशी मतलब असतो. शुद्ध पाण्याला १ धरलं तर बहुतेक जिवाणू ०.९ च्या खाली थांबतात. पुस्तकांवरच्या अॅस्परजिलस गटातल्या काटक बुरश्या ०.७ ते ०.७५ पर्यंत काम चालवतात. झेरोमायसिस बायस्पोरस नावाची एक बुरशी ०.६१ वरही वाढते, आणि तिच्याखाली फारसं कुणी उतरत नाही. हेच आकडे हवेच्या सापेक्ष आर्द्रतेलाही लागू पडतात. कपाटातली हवा कायम ६० टक्क्यांच्या खाली ठेवलीत तर बीजाणू असले तरी ठिपके येणार नाहीत. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र कपाटात ठेवा, पुस्तकं भिंतीला टेकवू नका, दाटीवाटीने लावू नका. आलेले ठिपके कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झाडा, नाकातोंडावर मास्क लावून. ओल्या फडक्याने पुसू नका, त्याने त्यांना हवं तेच मिळतं. आणि तासन्‌तास ऊनही नको, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

कॅमेऱ्याच्या भिंगावरच्या बुरशीबद्दल दोघांनी विचारलं आहे, त्यांनाही हेच उत्तर. फक्त घाई करा, कारण बुरशीतून पाझरणारी आम्लं काचेवरचा लेप खातात आणि तो डाग नंतर जात नाही. भिंगाच्या डबीत तुम्ही सिलिका जेलच्या पुड्या ठेवता ते बरोबर आहे, पण त्याने बुरशी मरते असं समजू नका. न्युरोस्पोरा नावाच्या बुरशीचे बीजाणू आम्ही मुद्दाम त्याच सिलिका जेलच्या दाण्यांवर वाळवून थंडीत ठेवतो, ते वर्षानुवर्षं जिवंत राहावेत म्हणून.

प्रश्न : मी अकरावीत आहे. बुरशीला मेंदू नाही, चेतातंतू नाहीत. मग भोवतालचं मीठ वाढलं हे तिला कळतं कसं?

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास. याचं उत्तर यीस्टमध्ये जितकं तपशिलात माहीत झालं आहे तितकं फार थोड्या जिवांत झालं असेल.

यीस्टची पेशी खारट पाण्यात टाकली की काही सेकंदांत तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती आकसते. हे आकसणंच तिची खबर. पेशीच्या पटलात एसएलएन१ नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं. पटलावरचा ताण नेहमीसारखा असेल तोवर ते आतल्या साखळीला दाबून ठेवतं. ताण सैल झाला की हा दाब सुटतो आणि एकामागून एक प्रथिनं जागी होतात. साखळीच्या शेवटी हॉग१ आहे. १९९३ मध्ये ही साखळी उजेडात आली. हॉग१ काही मिनिटांत पेशीकेंद्रकात शिरतं आणि ग्लिसरॉल बनवणारी जनुकं चालू करतं. त्याच सुमारास पटलातलं ग्लिसरॉल बाहेर जाण्याचं दार, एफपीएस१, बंद होतं. आत ग्लिसरॉल साठत जातं, त्याच्याबरोबर पाणी परत येतं, आणि साधारण तासाभरात पेशी जवळजवळ पूर्वीएवढी होते. पटलावरचा ताण परत आला की एसएलएन१ पुन्हा दाबून धरतं आणि सगळं शांत. जे बिघडलं तेच मोजायचं, आणि ते सुधारलं की थांबायचं. मेंदूची गरज कुठेच पडली नाही.

पण तू नुसत्या या साखळीवर थांबू नकोस. २००० साली यीस्टवर उष्णता, मीठ, उपासमार, ऑक्सिडीकरण असे वेगवेगळे ताण देऊन सगळ्या जनुकांचं काम एकाच वेळी तपासलं गेलं. ताण कोणताही असो, सुमारे ९०० जनुकं सारखीच प्रतिक्रिया देतात असं दिसलं. त्यांतली साधारण ३०० जोरात चालू होतात. उरलेली ६०० मंदावतात, आणि ही मंदावणारी जनुकं मुख्यतः वाढीची, म्हणजे नवी प्रथिनं बनवण्याचे कारखाने उभारणारी असतात. आपण ‘प्रतिकार’ म्हटलं की काहीतरी जादा करणं डोळ्यांपुढे आणतो. बुरशीच्या प्रतिकाराचा मोठा वाटा वाढ सोडून देण्यात आहे. मला विचारशील तर बुरशीचं टिकणं समजून घ्यायची किल्ली हीच. यापुढच्या उत्तरांतही तुला ती दिसेल.

आणि याची पुढची पायरी तर मला अजून थक्क करते. एकाच पेशीपासून वाढलेल्या, जनुकं अगदी सारखी असलेल्या यीस्टच्या वसाहतीतही सगळ्या पेशी एकाच वेगाने वाढत नाहीत. काही उगीचच संथ असतात, त्यांच्यात ट्रेहॅलोजची तयारी आधीपासून असते. सुबत्तेच्या दिवसांत त्या मागे पडतात. अचानक उष्णतेचा तडाखा बसला की वाचतात त्या मुख्यतः याच. म्हणजे संकटाची खबर मिळायच्या आधीच वसाहतीतले काही जण थांबलेले असतात.

मिठाचंच टोक बघायचं असेल तर होर्टिआ वेर्नेकी ही काळी यीस्टसारखी बुरशी शोधून वाच. मीठ नसलेल्या माध्यमातही ती वाढते आणि मीठ विरघळायचं थांबेल इतक्या दाट पाण्यातही. स्लोव्हेनियातल्या मिठागरांमधून तिचा खूप अभ्यास झाला आहे. तिच्या उलट वॉलेमिआ इक्थिओफागा : ९-१० टक्के मीठ असल्याशिवाय तिचं चालतच नाही. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के असतं, म्हणजे समुद्रही तिला अळणी.

प्रश्न : बुरशीचा धागा आतून सलग असतो असं तुम्ही लिहिलंत. मग तो तुटला की आतलं सगळं वाहून जात नाही का?

उत्तर : थोडंसं जातं. बहुतेक बुरश्यांच्या धाग्यात अधूनमधून आडव्या भिंती असतात आणि प्रत्येक भिंतीला मधोमध एक भोक असतं. न्युरोस्पोरा, पेनिसिलियम यांच्या गटात त्या भोकाजवळ वोरोनिन पिंड नावाचे घट्ट प्रथिनांचे कण असतात. धागा तुटला की आतला द्रव तुटलेल्या बाजूला धावतो, त्याच्या ओघात हा कण भोकावर जाऊन बसतो आणि पुढची गळती थांबते. तुटलेला कप्पा मरतो, बाकीचा धागा बाजूने नवं टोक काढतो.

प्रश्न : बुरशी किती अंश तापमानाला मरते? एकदाचा आकडा सांगा.

उत्तर : एक आकडा देता येत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोणती बुरशी, तिची कोणती अवस्था, ओली की कोरडी, आणि आधी काय सोसून आलेली, या चार गोष्टींवर ते ठरतं.

अवस्थेचं उदाहरण माझ्या टेबलावरचं आहे. न्युरोस्पोराचे नारिंगी, पिठासारखे बीजाणू ६० अंशांवर अर्ध्या तासात मरतात. त्याच बुरशीचे मीलनानंतर तयार झालेले, जाड भिंतीचे काळे बीजाणू मात्र त्याच अर्ध्या तासाने जागे होतात. तोवर त्यांना कितीही पोषक माध्यम द्या, ते उगवत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत दोन्ही मिसळलेले असले की आम्ही नळी ६० अंशांच्या पाण्यात ठेवतो आणि नको ते आपोआप गळतात. निसर्गात हे काम वणवा करतो. जळालेल्या झाडांच्या सालीवर काही दिवसांत जो भडक नारिंगी थर दिसतो तो बहुधा हिचाच. आगीनंतर मैदान मोकळं असतं, स्पर्धक भाजून गेलेले असतात, आणि ही नेमकी तेव्हा उठते.

‘आधी काय सोसलं’ हेही तितकंच महत्त्वाचं. २५ अंशांत वाढलेलं यीस्ट थेट ५० अंशांत टाकलं तर झपाट्याने मरतं. आधी थोडा वेळ ३७ अंशांत ठेवून मग ५० ला नेलं तर कितीतरी जास्त पेशी वाचतात. त्या मधल्या वेळात पेशी उष्माघात प्रथिनं बनवून ठेवते. त्यांतलं एचएसपी१०४ हे विशेष. १९९० मध्ये दिसलं की हे प्रथिन नसेल तर आधी दिलेल्या ऊबेचा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या सुटतात आणि ती एकमेकांत अडकून गोळे होतात. एचएसपी१०४ हे सहा तुकड्यांचं कडं आहे. गुंतलेल्या दोऱ्याचं एक टोक पकडून ते बारीक भोकातून ओढून काढावं तसं ते गोळ्यातून एकेक प्रथिन सोडवतं, आणि मग दुसरी मदतनीस प्रथिनं त्याची नीट घडी घालतात. प्राण्यांच्या पेशींत हे प्रथिन नाही.

वरची मर्यादा हवी असेल तर ती सांगते. वाढ होण्याची, नुसतं तगण्याची नव्हे. ती सुमारे ६० अंशांच्या आसपास संपते, आणि तिथवर पोहोचणाऱ्या बुरश्या मोजक्या आहेत. बहुसंख्यांना ३७ अंशही जड जातात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथल्या संग्रहातले सुमारे ४,८०० वाण तपासून २००९ मध्ये असं मांडलं गेलं की ३० ते ४० अंशांच्या पट्ट्यात दर अंशामागे आणखी सुमारे ६ टक्के वाण बाद होतात. आपल्या शरीराची ऊब हे बुरशीविरुद्धचं आपलं फार मोठं कवच आहे. ते कायम असंच राहील असं गृहीत धरून चालू नये, असं मला कळकळीने वाटतं. कॅन्डिडा ऑरिस या यीस्टचं वर्णन जपानमध्ये, एका रुग्णाच्या कानातून, २००९ मध्ये झालं. पुढच्या काही वर्षांत ते वेगवेगळ्या खंडांत जवळपास एकाच वेळी रुग्णालयांत आढळू लागलं. ४२ अंशांतही ते वाढतं. तापत्या हवामानाने त्याला या उष्णतेची सवय लावली असावी अशी शक्यता २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडली. ती सिद्ध झालेली नाही. पण वाढत्या उष्णतेत तगणारे वाण निवडले जाणार, या तर्कात मला चूक दिसत नाही.

प्रश्न : अन्न न मिळता बुरशी किती काळ राहते?

उत्तर : आल्दो कास्तेल्लानी यांनी १९३९ मध्ये सुचवलेली एक पद्धत आजही वापरात आहे. बुरशी वाढलेल्या माध्यमाचे छोटे तुकडे निर्जंतुक शुद्ध पाण्यात टाकायचे, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली खोलीतच ठेवून द्यायची. नवं अन्न नाही, गोठवण नाही. कित्येक बुरश्या अशा दहा वर्षांहून अधिक तगतात. अन्न संपलं की धागा आपलेच जुने कप्पे पचवतो, त्यांतला माल टोकाकडे नेतो, आणि उरलेल्या थोड्या पेशी जाड भिंतीच्या करून बसतो. संग्रहात काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते : वाळवण्याआधी बुरशीला गोडधोड माध्यम द्यायचं नाही. किडींवर वाढणाऱ्या मेटारायझियमवर हे नीट तपासलं गेलं आहे. अर्धपोटी वाढवलेल्या मेटारायझियमचे बीजाणू संख्येने कमी येतात, पण उष्णता आणि अतिनील किरण जास्त सोसतात.

प्रश्न : चेर्नोबिलची बुरशी किरणोत्सर्ग खाऊन जगते, हे खरं आहे का?

उत्तर : १९८६ च्या अपघातानंतर फुटलेल्या अणुभट्टीच्या भिंतींवर काळ्या बुरश्या वाढताना सापडल्या, हे खरं. नेली झ्दानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळा केल्या, आणि त्यांत क्लॅडोस्पोरियम स्फेरोस्पर्मम ठळकपणे होती. त्यांचा काळा रंग मेलॅनिनचा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की नेहमीच्या पार्श्वभूमीच्या सुमारे ५०० पट किरणोत्सर्गात काही मेलॅनिनयुक्त बुरश्या जास्त जोमाने वाढतात. एवढ्यावरून ‘खाते’ म्हणणं घाईचं. वनस्पती जशा प्रकाशाच्या बळावर कार्बन बांधतात तसं किरणोत्सर्गाच्या बळावर या बुरश्या करतात, असं कुणी दाखवलेलं नाही. मेलॅनिन ढाल म्हणून काम करतं, हे पक्कं. अंटार्क्टिकाच्या खडकांत राहणाऱ्या क्रायोमायसिस अंटार्क्टिकसला २००८-०९ मध्ये दीड वर्ष आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या बाहेर ठेवलं होतं. परतल्यावर तिच्या थोड्या पेशी विभागू शकल्या. तिथे ती काही खात नव्हती. वाळलेल्या अवस्थेत थांबून होती.

प्रश्न : गजकर्णावर औषध लावलं, आठवड्यात खाज गेली, लावायचं सोडलं. महिन्याने परत. बुरशीला औषधाची सवय झाली का?

उत्तर : मी डॉक्टर नाही, तेव्हा औषध कोणतं आणि किती दिवस हे त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारा. बुरशीच्या बाजूने सांगते. खाज थांबणं म्हणजे बुरशी संपणं नव्हे. गजकर्णाच्या बुरशीचे धागे तुटून जाड भिंतीचे तुकडे बनतात आणि गळलेल्या त्वचेच्या कणांत, कपड्यांत, टॉवेलात कित्येक महिने राहू शकतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत सवयीपेक्षा उरलेल्या बुरशीची शक्यता जास्त.

पण सवय खरोखरच लागते, आणि ती कशी लागते हे कळलं की अर्धवट उपचाराची भीती वाटायला लागते. औषधाच्या अपुऱ्या मात्रेत जगलेली पेशी ताणाखाली असते. तेव्हा एचएसपी९० हे उष्माघात प्रथिन तिला सावरतं, आणि एरवी टिकली नसती अशी उत्परिवर्तनंही त्याच्या आधाराने टिकतात. २००५ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं. एचएसपी९० अडवलं की काही प्रतिकारक वाण पुन्हा औषधाला वश होतात. शिवाय अॅझोल गटाची औषधं माणसांना देतात तशी त्याच गटाची बुरशीनाशकं पिकांवरही फवारली जातात. अॅस्परजिलस फ्युमिगेटसचे काही वाण शेतातच अॅझोलला निर्ढावतात आणि मग रुग्णाच्या फुप्फुसात पोहोचतात. दुकानदाराने सुचवलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम कृपा करून लावू नका. त्याने लाली आणि खाज दबते, आणि बुरशी आतल्या आत पसरते.

प्रश्न : हे सगळं बुरशी एकटीने सोसते की कुणाची मदत घेते?

उत्तर : तुमच्या प्रश्नासाठी मी मुद्दाम शेवटची जागा राखली, कारण याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडतं.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात भूगर्भाच्या उष्णतेने तापलेली जमीन आहे. तिथे डायकँथेलियम लॅनुजिनोसम नावाचं एक गवत उगवतं. त्याच्या आत कर्व्ह्युलॅरिया प्रोट्युबराटा ही बुरशी राहते. २००२ मध्ये असं दिसलं की दोघं बरोबर असली तर मुळांशी ६५ अंशांपर्यंतची उष्णता सोसतात. वेगळी केली तर ना गवत ३८ अंशांच्या वर वाढतं, ना बुरशी. इतपत समजल्यावर सगळ्यांना वाटलं, बुरशीमुळे गवत तगतं.

२००७ मध्ये कळलं की यात तिसराही कुणी आहे. त्या बुरशीच्या पेशींत एक विषाणू असतो. बुरशीतून तो काढून टाकला तर बुरशी वरवर तशीच, धडधाकट राहते, गवतातही नेहमीसारखी वस्ती करते, पण उष्णता सोसण्याची ताकद दोघांचीही जाते. विषाणू परत घातला की ताकद परत येते. हीच विषाणूसकट बुरशी टोमॅटोच्या रोपात घातली, तर ते रोपही तापलेल्या मातीत जास्त तगलं. विषाणू म्हणजे रोग, बुरशी म्हणजे नासाडी, असं आपण धरून चालतो. इथे गवत तापल्या मातीत उभं आहे ते दोघांच्या जिवावर, आणि त्यांपैकी एक जरी गेला तरी उरलेल्यांना ३८ अंशांच्या आत परतावं लागतं.